नुवेच्या कॉलेजची साठ वर्षे

कुठ्ठाळीहून मडगावकडे निघाले की वेर्ण्याचे पठार ओलांडल्यावर नुवे लागते. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या या गावात १९६४ मध्ये अपोस्तोलिक कार्मेल संघाच्या भगिनींनी मुलींसाठी कॉलेज काढले. गोव्यातले मुलींचे हे पहिले कॉलेज. त्याची आता साठ वर्षे पूर्ण झाली आहेत. मुक्तीनंतरच्या गोव्याचा इतिहास आपण निवडणुकांमधून, जनमत कौलातून आणि भाषावादातून वाचत आलो. मराठी वृत्तपत्रांनी तर त्यातला प्रत्येक दिवस तपशिलाने नोंदवला. त्याच वर्षांत काही व्रतस्थ स्त्रियांनी एका गावात मुलींना पदवीपर्यंत नेणारी वाट बांधून दिली, ही घटना मात्र आपल्या लिहिण्याबोलण्यात कडेलाच राहिली. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने ती मध्यभागी आणावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

त्या वाटेचे मोल कळण्यासाठी आधीचा गोवा डोळ्यांपुढे आणावा लागेल. पोर्तुगीज राजवटीत पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ मध्ये निघाले आणि लिसेव हे माध्यमिक विद्यालय १८५४ मध्ये. आशियातल्या जुन्या पाश्चात्त्य धर्तीच्या शिक्षणसंस्थांत त्यांची गणना होते. पण कला किंवा विज्ञानाची पदवी घ्यायची तर गोव्याबाहेर जाणे भागच होते. मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड ही गोमंतकीय तरुणांची विद्यापीठीय गावे. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर सीमा बंद झाल्या आणि हा रस्ताही अवघड झाला. मुलगा कसाबसा परवाना मिळवून जाई. मुंबईत गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासात, त्याला खाट मिळे. मुलीसाठी तेवढी खटपट कोण करणार? मुंबईत नातेवाईक असलेल्या, चार पैसे बाळगून असलेल्या घरांतल्या मोजक्या मुली तेवढ्या शिकल्या. बाकीच्यांचे शिक्षण जिथे शाळा संपे तिथे संपे, आणि बऱ्याच गावांत ती चौथीलाच संपे. मुक्तीच्या वेळी गोव्याची साक्षर लोकसंख्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. स्त्रियांचे प्रमाण त्याहून खाली.

मुक्तीनंतर सहा महिन्यांतच चित्र पालटू लागले. १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही कॉलेजे सुरू झाली. पुढच्या वर्षी म्हापशाला सेंट झेवियर्स आले. उद्योजक घराण्यांनी आणि चर्चने या कामी दाखवलेली तत्परता गोव्याने विसरू नये. नुवेचे कॉलेज या ओळीत तिसऱ्या वर्षी आले. मडगावात आधीच कॉलेज होते, तिथे मुलींना मज्जाव नव्हता. मग सहा-सात किलोमीटरवर केवळ मुलींसाठी आणखी एक कॉलेज कशासाठी, असा प्रश्न आज कोणालाही पडेल.

त्याचे उत्तर त्या काळच्या घराघरांत होते. मुलीला शिकवू नये असे वाटणारी घरे साठच्या दशकात कमी होत चालली होती. मुलीला पाठवावे कुठे, हे न कळणारी घरे मात्र पुष्कळ होती. मुलग्यांच्या बरोबरीने एका वर्गात तीन-चार वर्षे बसायचे, ही कल्पनाच सासष्टीतल्या कॅथलिक घराला आणि फोंड्याकडच्या हिंदू घराला सारखीच जड जात होती. त्या बाबतीत धर्माने फार फरक पडत नव्हता. प्रवासाचाही प्रश्न होता. झुवारीवर पूल १९८३ मध्ये झाला. तोवर तिसवाडीतून सासष्टीत येणाऱ्याला आगशीला फेरीबोटीची वाट पाहावी लागे. पावसाळ्यात नदी चढली, बोट उशिरा सुटली की घरी पोहोचायला काळोख. आईबापांच्या मनातली भीती या काळोखाची होती. अशा वेळी ‘कॉलेज सिस्टरांचे आहे’ हे एक वाक्य घरात पुरेसे ठरे. मुलगी कुठे आहे, कोणाच्या नजरेखाली आहे, किती वाजता सुटते, याची खात्री त्या वाक्यात होती. या खात्रीच्या जोरावर जी मुलगी उंबरठ्याबाहेर पडली, ती पुढे बँकेत, शाळेत, सचिवालयात, दुबईत, लंडनमध्ये कुठेही गेली असेल. पहिल्या दिवशी तिला बाहेर काढण्याचे काम त्या विश्वासाने केले.

आज कोणी म्हणेल की ही तर परंपरेशी केलेली तडजोड. होती. पण त्या तडजोडीने आलेली पदवी खरी होती. कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले असल्याने गिरगावातल्या आणि दादरच्या मुलांनी जी परीक्षा दिली, तीच नुवेच्या मुलींनी दिली. मुलींसाठी सोपा अभ्यासक्रम आणि मुलग्यांसाठी अवघड, अशी विभागणी तिथे नव्हती. आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात हा वाद जुना आहे. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाला उपयोगी विषय हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यावर टीकाही झाली होती. कार्मेल भगिनींनी दुसरा मार्ग घेतला. वर्ग वेगळा, पण परीक्षा तीच. आमच्या मते त्या पिढीच्या मुलींना या निर्णयाने जे बळ दिले, ते दुसऱ्या कशाने मिळाले नसते, कारण नोकरीच्या मुलाखतीत त्यांच्या पदवीला कोणी कमी लेखू शकत नव्हते.

गोव्यात जोगिणींचा, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती स्त्रियांचा, इतिहास याहून फार जुना आहे. जुन्या गोव्यातला सांता मोनिकाचा मठ आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांनी १६०६ मध्ये सुरू केला. तीन मजली, जाड भिंतींची ती वास्तू आजही पाहणाऱ्याला दडपून टाकते. आत गेलेली स्त्री पुन्हा बाहेर येत नसे. तिचे वाचन, तिचे गाणे, तिची चित्रकला सारे भिंतीच्या आतच राहिले. १८३५ मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे धर्मसंघ गोव्यातून उठवले आणि स्त्रियांच्या मठांना नव्या भगिनी घेण्याची बंदी केली. सांता मोनिकातली शेवटची भगिनी १८८५ मध्ये वारली आणि मठ ओस पडला. नंतर तिथे सैन्याने मुक्काम केला. १९६४ मध्ये याच वास्तूत भगिनींना धर्मशास्त्र शिकवणारी माटेर देई ही संस्था सुरू झाली, आणि त्याच वर्षी नुवेत कॉलेज. गोव्यातल्या दोन इमारतींत एकाच वर्षी व्रतस्थ स्त्रिया पुन्हा शिक्षणासाठी बसल्या, एकीकडे शिकायला आणि दुसरीकडे शिकवायला. त्या वर्षाअखेर संत फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन झाले आणि डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईत आले. वृत्तपत्रांचे रकाने त्या दोन सोहळ्यांनी भरून गेले होते.

या भगिनींचा संघ कुठून आला, ही कथाही सांगण्यासारखी आहे. संस्थापिका मदर वेरोनिका. मूळ नाव सोफी लीव्ह्ज. १८२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल शहरी जन्म. वडील अँग्लिकन पाद्री, ब्रिटिश वकिलातीत धर्मगुरू. बायबलच्या आधुनिक ग्रीक भाषांतराचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. म्हणजे सोफीचे बालपण पुस्तकांत आणि अनेक भाषांच्या कल्लोळात गेले. १८५० मध्ये माल्टात तिने कॅथलिक पंथ स्वीकारला, पुढे एका फ्रेंच भगिनीसंघात गेली आणि १८६२ मध्ये शाळा काढण्यासाठी कालिकतला आली. तिथे तिने पाहिले की पश्चिम किनाऱ्यावरच्या मुलींना शिकवणारे कोणीच नाही. मंगळूरचे कार्मेलाइट बिशप मारी एफ्रें यांनाही तीच तळमळ होती. पण तिची स्वतःची ओढ वेगळी होती. तिला कार्मेलच्या बंदिस्त मठात, मौनात आणि प्रार्थनेत राहायचे होते. आविलाच्या तेरेझाच्या त्या परंपरेत भगिनी मठाबाहेर पडत नसत. प्रार्थनेची ओढ आणि शाळेची गरज या दोन्ही एकाच स्त्रीच्या मनात होत्या. त्यांतली एक निवडून दुसरी सोडणे तिला जमले नाही. म्हणून १६ जुलै १८६८ रोजी, कार्मेल मातेच्या सणादिवशी, फ्रान्समधल्या बायोन गावी तिने एक नवाच प्रकार सुरू केला: आतून कार्मेलची प्रार्थना आणि बाहेर शिक्षिकेचे काम. ‘अपोस्तोलिक कार्मेल’ हे नाव त्यातूनच आले.

१८७० च्या नोव्हेंबरात या संघाच्या मोजक्या भगिनी मंगळूरला उतरल्या. त्यांच्याबरोबर बंदिस्त मठासाठीही भगिनी निघाल्या होत्या. त्यांतल्या काही जणींचा प्रवासातच अंत झाला. त्याच तांड्यात मरियम बावार्दी ही पॅलेस्टाइनची तरुणी होती, जिला २०१५ मध्ये रोमने संत म्हणून घोषित केले. मदर वेरोनिका मात्र मंगळूरला आल्या नाहीत. ज्या किनाऱ्यासाठी त्यांनी संघ काढला, तिथले त्याचे फळ त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. त्या फ्रान्समधल्या पो गावच्या बंदिस्त मठात परतल्या आणि १९०६ मध्ये तिथेच वारल्या. आपण पेरलेले दुसऱ्यांच्या हाती सोपवून स्वतः मौनात निघून जाणे, यासाठी लागणारी ताकद आम्हाला कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणापेक्षा मोठी वाटते.

मंगळूरला आलेल्या भगिनी मात्र तिथे रुजल्या. १९२१ मध्ये सेंट अ‍ॅग्नेस कॉलेज निघाले, पश्चिम किनाऱ्यावरच्या मुलींच्या सुरुवातीच्या कॉलेजांतले एक. दक्षिणेत तो काळच असा होता: १९२३ मध्ये तिरुचिरापल्लीला होली क्रॉस, १९२५ मध्ये एर्नाकुळमला सेंट तेरेझाज, ही कॉलेजे वेगवेगळ्या भगिनीसंघांनी काढली. कार्मेल भगिनींनी पुढे १९४० मध्ये पाटण्याला कॉलेज काढले, १९४८ मध्ये बंगळूरला माउंट कार्मेल आणले, १९५२ मध्ये कालिकतला प्रॉव्हिडन्स सुरू केले. नुवेची पाळी त्यानंतरची.

पण नुवेचे येणे इतर ठिकाणांसारखे नव्हते, आणि इथे जरा थांबायला हवे. मंगळूरचे कॅथलिक म्हणजे बहुतांशी सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यातून दक्षिणेला गेलेली कुटुंबे. कोणी दुष्काळामुळे, कोणी लढायांमुळे, कोणी इन्क्विझिशनच्या धाकाने निघाले. जाताना त्यांनी कोकणी भाषा, आडनावे, घरातली गाणी आणि जातीपातीही सोबत नेल्या. त्या घरांतल्या कितीतरी मुली पुढे कार्मेल संघात गेल्या. म्हणून १९६४ मध्ये नुवेत आलेला संघ फ्रान्समध्ये जन्मलेला असला तरी त्याची बोली सासष्टीला परकी नव्हती. ज्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी गोव्याबाहेर पडले, त्यांच्या लेकी गोव्याच्या लेकींना शिकवायला परत आल्या. पोर्तुगीज राजवटीने जे या भूमीतून घालवले होते, त्यातले थोडे असे माघारी आले.

इंग्रजीबद्दलची एक तक्रार मात्र मोकळेपणी मांडली पाहिजे. सिस्टरांच्या कॉलेजांनी मुलींना इंग्रजीच्या हवाली केले आणि कोकणी-मराठीला दुय्यम ठरवले, असे गोव्यात अनेक जाणती माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे. आमच्यासारख्यांना, मराठीतून लिहिणाऱ्यांना, ते बोचतेही. पण १९६४ ची परिस्थिती विसरून न्याय करता येणार नाही. पोर्तुगीज माध्यमातून शिकलेल्या पिढीची शाळा रातोरात निरुपयोगी झाली होती. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापर्यंत गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार, हेच ठरलेले नव्हते. कोणती भाषा राज्यभाषा होणार, हे तर १९८७ मध्ये ठरले. त्या अनिश्चिततेत शिकणाऱ्या मुलीपुढे नोकरी देणारी एकच भाषा होती. इंग्रजीने तिला दार उघडून दिले. आता त्या दारातून ती सुखरूप आत गेलेली असताना, तिच्या मातृभाषेतले संशोधन, कोश आणि अनुवाद अशा कॉलेजांतून व्हावेत, ही अपेक्षा आम्ही हक्काने करू. विद्यापीठीय वळण बदलल्याला आता काळ लोटला: मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये पणजीत पदव्युत्तर केंद्र काढले, १९८५ मध्ये त्याच पायावर गोवा विद्यापीठ उभे राहिले, आणि नुवेचे कॉलेज त्याला जोडले गेले. मुंबईशी असलेला धागा तुटला. गोव्याच्या भाषांशी नवा धागा जोडणे हे पुढच्या वर्षांचे काम आहे.

या साऱ्यात त्या भगिनींची नावे कुठे आहेत? मराठी माणसाला स्त्रीशिक्षण म्हटले की चेहरे आठवतात: सावित्रीबाई, फातिमा शेख, पंडिता रमाबाई, बाया कर्वे. रमाबाईंमुळे तर इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींची आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराचीही आपल्याला ओळख आहे. नुवेच्या बाबतीत असा एकही चेहरा सामान्य वाचकापुढे उभा राहत नाही. त्याचे कारण संघाच्या रचनेतच आहे. आज्ञापालनाच्या व्रतानुसार भगिनीची बदली होते. आज नुवेत प्राध्यापक, काही वर्षांनी पाटण्यात वसतिगृहाची प्रमुख, पुढे आणखी कुठे. ती गेली की तिचे कपाट रिकामे होते आणि तिच्या वर्गात दुसरी उभी राहते. दारिद्र्याच्या व्रतामुळे तिचा पगार तिच्या हाती येत नाही, संघाच्या खात्यात जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित संस्थांतल्या व्रतस्थांच्या पगारावर करकपात होईल असा निर्णय दिला, तेव्हा ही व्यवस्था बऱ्याच वाचकांना प्रथमच कळली. स्वतःच्या नावावर ना घर, ना बँकेत शिल्लक, ना पुस्तकावर छापलेले श्रेय. अशा स्त्रिया हजारो मुलींना ‘स्वतःच्या पायावर उभ्या राहा’ म्हणून शिकवत होत्या. त्यांच्या विद्यार्थिनींनी पहिला पगार स्वतःच्या हातात घेतला, तेव्हा त्यामागे पगार कधीच हाती न घेतलेल्या बाया होत्या. आमच्या दृष्टीने या कॉलेजच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

विद्यार्थिनींच्या त्या पगाराने गोव्यात काय केले, ते दिसते. दयानंद बांदोडकरांच्या सरकारने साठच्या दशकात गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या, हायस्कुलेही वाढली. त्यांना शिक्षक हवे होते. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले आणि शाखांना कारकून हवे होते. सासष्टीतले पुरुष तारवटी म्हणून बोटींवर आधीपासूनच जात होते, नंतर ते आखातातही जाऊ लागले, आणि घर, शेत, कोर्टकज्जा, मुलांची शाळा सारे बायकांच्या अंगावर पडले. पत्र लिहू शकणारी, बँकेत सही करू शकणारी, सरकारी कचेरीत अर्जाचा पाठपुरावा करू शकणारी बाई हा त्या घरांचा आधार झाला. गोव्यातल्या स्त्री-साक्षरतेचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत ८४ टक्क्यांच्या पुढे गेले. याचे श्रेय कोणा एका कॉलेजला देणे चुकीचे ठरेल. पण शिकलेल्या आईच्या घरात मुलगी अशिक्षित राहत नाही, आणि त्या पहिल्या शिकलेल्या आया कुठेतरी शिकल्याच होत्या.

आता मुलींसाठी वेगळे कॉलेज हवेच का, हा प्रश्न कार्मेल संघापुढेही आहे. बंगळूरच्या माउंट कार्मेलने अलीकडेच मुलग्यांना प्रवेश दिला. गोव्यात मुली आज कुठल्याही कॉलेजात संख्येने मागे नाहीत. आमचे मत असे की नुवेने घाई करू नये. साठ वर्षांपूर्वी वेगळे कॉलेज पालकांच्या धास्तीवर उतारा होते. आज त्याचे कारण वेगळे असू शकते. विज्ञानाची प्रयोगशाळा, विद्यार्थी संसद, क्रीडांगण, रंगमंच या साऱ्या जागा जिथे मुलींनाच चालवाव्या लागतात, तिथे नेतृत्व आपोआप त्यांच्याकडे येते. ते मिळवण्यासाठी त्यांना कोणाशी झगडावे लागत नाही. अशी एक तरी जागा राज्यात असावी. त्याच वेळी राज्य सरकारने हेही पाहावे, की नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि विषयांची लांबलचक यादी लहान कॉलेजांना झेपेल अशी असावी. लहान कॉलेजात प्राध्यापकाला प्रत्येक मुलीचे नाव ठाऊक असते. अशी कॉलेजे मोठ्या संस्थांत विलीन करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडावा. भगिनींची संख्या साऱ्या जगात घटते आहे. वर्गात आता बहुतेक ठिकाणी संसारी प्राध्यापकच शिकवतात. उद्या कॉलेज पूर्णपणे त्यांच्या हाती जाईल, तेव्हा त्या बदलीवर जाणाऱ्या स्त्रियांनी घालून दिलेली शिस्त आणि माया टिकवण्याची जबाबदारी त्यांची असेल. त्या जबाबदारीची तयारी आजपासून व्हायला हवी.

आणि एक काम तातडीचे आहे. १९६४ मध्ये वर्गात बसलेल्या मुली आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना शिकवणाऱ्या भगिनींपैकी ज्या हयात असतील, त्या मंगळुरात, बंगळुरात किंवा आणखी कुठे संघाच्या वृद्धाश्रमात असतील. गोवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींनी मिळून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, कोकणीत, मराठीत, इंग्रजीत, ज्या भाषेत त्या सांगतील त्या भाषेत. पहिल्या वर्षांची हजेरीपुस्तके, प्रवेशअर्ज, मुंबई विद्यापीठाकडून आलेली पत्रे, वसतिगृहाच्या खर्चाच्या वह्या आणि वर्गाची छायाचित्रे एकत्र करून पणजीच्या पुराभिलेखागारात त्यांच्या प्रती ठेवाव्यात. छायाचित्रांमागे नावे लिहावीत, भगिनींचीसुद्धा, त्यांच्या जन्मगावासह. हे काम दोन वर्षांचे आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. हीरक महोत्सवाच्या निधीतला पहिला हिस्सा त्यासाठी काढून ठेवावा.